कळशी घेऊन नागणी तालाला

११ जानेवारी

वाटाड्यांच्या शिबिरातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, जी बाई टोळी घेऊन डोंगरात जाते तिने रोज लिहावं, आणि खोटं लिहू नये. आठवी पास बाईला वही उघडायला काहीतरी निमित्त लागतं. आज मिळालं.

वनपंचायतीची सभा झाली. हिवाळ्यात नागणी तालाला, डोंगरातल्या त्या तळ्याला, पाहुणे न्यायचा परवाना यंदा पुन्हा पाच वर्षांसाठी द्यायचा आहे. आजवर तो खालच्या बाजारातल्या ठेकेदाराकडे होता. सहा हिवाळे मी त्याच्या बांजधारच्या पडावावर भांडी घासली. ताल तिथून आणखी दोन दिवस वर, आणि भांडी काही वर जात नसत. म्हणून बर्फातला ताल मी अजून पाहिलेला नाही. आज मी उभी राहिले आणि म्हणाले, परवाना आम्हा महिला मंगल दलाला द्या, पाहुणे आम्ही नेऊ.

पुरुष एवढे हसले की दारात झोपलेलं कुत्रं उठून गेलं. सरपंच दरबान सिंह तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "गोदांबरी, एक टोळी नेऊन दाखव. ताल दाखवायचा, सगळ्यांना धड खाली आणायचं, आणि रिवाजाप्रमाणे तालाचं पाणी देवीला घालायचं. सात फेब्रुवारीला दुपारी सभा. त्याआधी आलीस तर परवाना तुमचा. नाही आलीस तर पाच वर्षं हा विषय काढायचा नाही."

"कबूल," मी म्हणाले.  

१३ जानेवारी

माझ्याबरोबर कोण येणार ते ठरलं. ओझ्याला रामेश्वरी. तिला दोन म्हशींएवढं बळ आहे आणि हसू आवरत नाही. स्वयंपाकाला आणि वाट दाखवायला मंगसीरी. मी नाही म्हटलं. सगळ्या बायका म्हणाल्या, तिचं माहेर डोंगराच्या धारेपलीकडे आहे, लहानपणी ती बर्फातून त्या वाटेने ये-जा करायची, तू केली आहेस का? मग तीच ठरली.

मंगसीरी माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला 'भुली' म्हणायचे, पाठच्या बहिणीला म्हणतात तसं. गेली सात वर्षं आम्ही बोलत नाही.

खोटं लिहायचं नाही म्हणून कारणही लिहिते. माझ्या आईने मला तांब्याची कळशी दिली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी सून धाऱ्यावर, गावच्या झऱ्यापाशी, पूजा करून पहिलं पाणी भरते, ते मी त्या कळशीत भरलं. धाकट्या नणंदेचं लग्न मंगसीरीच्या अंगणात झालं, तेव्हा तिने ती मागून नेली. परत आली ती हा एवढा पोचा घेऊन. मी विचारलं, कुणी केलं? ती खाली बघत उभी राहिली. "झालं खरं," एवढंच म्हणाली. माफी नाही, काही नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं की मंगसीरी बरोबर येतेय. हे हुक्का भरत होते, निखारा खाली पाडला. "सहा दिवस? तुम्ही दोघीच?" मी म्हटलं, दोघीच कशा, रामेश्वरी आहे, पाहुणे आहेत. हे म्हणाले, "तिथे जुने विषय काढू नकोस. मी तुला बाजारातून नवी कळशी आणतो." सात वर्षांत किती वेळा नवी कळशी आणायला निघाले असतील! भांडण मिटावं अशी यांची फार इच्छा. माणूस मनाने चांगला आहे.

२० जानेवारी

पाहुणे ठरले. डेहराडूनच्या शाळेतले पाच मास्तर-मास्तरणी. त्यांचे म्होरके सेमवाल सर, वय एकोणसाठ, पुढल्या वर्षी निवृत्त. फोनवर तीनदा विचारलं, "ताल दिसेल ना नक्की?" मी तीनदा हो म्हटलं. देवाने ऐकलं असेल तर बरं.

शिबिरात मिळालेली लाल जाकिटं आणि शिट्टी बाहेर काढली. मंगसीरी आपलं उलटं घालून आली, आतलं मातकट अस्तर बाहेर. कारण मला माहीत आहे. बुग्यालावर, वरच्या कुरणात, आछऱ्या, म्हणजे डोंगरातल्या पऱ्या, राहतात. झगझगीत कपडे घातले, गाणं म्हटलं, शीळ घातली, की त्या भुलतात आणि माणसाला घेऊन जातात. त्या नावाने हाक मारतात, अगदी गोड आवाजात. ओ द्यायची नाही. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं.

मी रामेश्वरीला म्हटलं, "तिला सांग, आपण आता शिकलेल्या बायका आहोत. जाकीट सुलटं घाल."

मंगसीरी रामेश्वरीला म्हणाली, "तिला विचार, तिची शिट्टी रुमालात का बांधली आहे?"

शिट्टी मी गारठ्याने खराब होऊ नये म्हणून बांधली होती.

२ फेब्रुवारी, बांजधार

निघालो. गाव बघायला आलं होतं. ठेकेदाराची दोन माणसंही होती, हातात शेंगदाणे घेऊन.

तालाचं पाणी तांब्यातूनच आणायचं असतं, म्हणून मी माझी कळशी घेतली. पाठीवरच्या ओझ्याला बांधली, पोचा बाहेरच्या बाजूला येईल अशी. मंगसीरी माझ्या मागून चालत होती. दिवसभर बघू दे म्हटलं.

बांजाच्या झाडांच्या रानातून चढ. बर्फ घोट्यापर्यंत. सेमवाल सर दर अर्ध्या तासाने विचारतात, आपण किती उंचावर आलो. रामेश्वरी दर वेळी म्हणते, "आधीपेक्षा जास्त, सर."

रात्री मंडव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि कुळथाचं घट्ट कालवण, फाणू. तिघी एकाच चुलीभोवती. मी म्हटलं, "रामेश्वरी, तिला सांग, मीठ कमी पडलंय." रामेश्वरी तिच्याकडे वळली, "मीठ कमी पडलंय." ती म्हणाली, "तिला सांग, जिभेला हवं तेवढंच आहे." रामेश्वरी माझ्याकडे वळली, "जिभेला हवं तेवढंच—" मग तिला हसू फुटलं आणि ती बाहेर पळाली. पाहुण्यांना वाटलं ही आमच्याकडची रीतच आहे.

फाणू चांगलं होतं. मी दोनदा घेतलं.

३ फेब्रुवारी, छान

आजचा दिवस माझा नव्हता. गुराख्यांच्या झोपड्यांना आम्ही छान म्हणतो. तिथवर मी उन्हाळ्यात डोळे मिटून जाते. पण माझ्या साऱ्या खुणा जमिनीवरच्या. हा धोंडा, हे वाकडं थुनेरचं झाड, हा झरा. आज काहीच नव्हतं. सगळं पांढरं आणि गुडघाभर. एका ठिकाणी मी टोळीला डावीकडे वळवलं. थोडं गेल्यावर मागे पाहिलं तर मंगसीरी वळलीच नव्हती. सरळ पुढे जाऊन उंचवट्यावर उभी होती, काठी टेकून, आमच्याकडे पाठ करून. बोलली काही नाही. मी अंदाज घेतला, मलाही ती वाट बरोबर वाटली, म्हणून टोळी तिकडे नेली. पुढे आणखी दोनदा ती अशीच आधी जाऊन उभी राहिली. मिरवायची हौस, दुसरं काय! पाहुण्यांसमोर मी म्होरकी आहे, तिला ते बघवत नाही.

छानीची छपरं बर्फातून वीतभर वर होती. खोदून दार काढलं.

४ फेब्रुवारी, छान

बर्फ. बर्फ. डाळ. बर्फ.

हातात होता तो एक जादा दिवस गेला. उद्या ताल झाला नाही तर परत फिरावं लागेल, नाहीतर सातची सभा हुकेल. सेमवाल सरांनी संध्याकाळी सांगितलं की त्यांची बायको असताना दोघांनी इथे यायचं ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मग ते म्हणाले, "नाही दिसला ताल तर तुमचा दोष नाही, गोदांबरीजी." हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मला भीती वाटते आहे. सभेत उठले ते ताठ्याने उठले का? रामेश्वरी घोरते आहे. मंगसीरी जागी आहे, माझे ओले मोजे चुलीवर उलटेपालटे करते आहे. तिला वाटलं मी झोपले.

५ फेब्रुवारी, पुन्हा छान

 सगळं लिहिते.

पहाटे आभाळ स्वच्छ. निघालो. धारेवर पोचलो तर त्रिशूल आणि नंदाघुंटी ही शिखरं समोर, हात लावावा एवढ्या जवळ. पाहुणे वेडे झाले. धारेवरून पुढे ताल दीड तास. तेवढ्यात खालून धुकं वर यायला लागलं. मी थांबले. डावीकडे उतार, त्याच्यावर नवं बर्फ, तिकडे पाऊल टाकायचं नाही एवढं शिबिरात शिकलेय. पण कुठपर्यंत डावीकडे, हे मला कळेना. मंगसीरी पुन्हा चार पावलं पुढे जाऊन उभी. आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "रामेश्वरी, तिला सांग, एवढं कळतं तर पुढे जाऊन वाट बघून ये. आम्ही इथे बसतो."

एकटीला पुढे पाठवू नये, हा शिबिरातला पहिला धडा. मॅडमनी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केला होता. रामेश्वरीने माझ्याकडे पाहिलं, निरोप पोचवला नाही. पोचवायची गरज नव्हती. मंगसीरीने काठी उचलली आणि चालू लागली. उलटं मातकट जाकीट, पाच मिनिटांत दिसेनाशी झाली. मग धुकं आलं आणि मला माझे हातही दिसेनात.

आम्ही दोरीला धरून बसलो. पाव तास. अर्धा तास. पायखुणा वाऱ्याने बुजल्या. पाहुण्यांपैकी एक बाई रडायला लागल्या. मी रुमाल सोडला, शिट्टी काढली. जन्मात पहिल्यांदा बुग्यालावर शिट्टी फुंकली. मनात म्हटलं, आयांनो, आछऱ्यांनो, मला न्या, तिला सोडा. तीनदा फुंकली. काही नाही. हाक मारली, "मंगसीरीऽ!" काही नाही. मग मला राहवेना.  मी अगदी आर्जवाने हाक मारली, "भुली! माझी भुली, कुठे आहेस गं? ये ना माझ्याकडे, ये बाळ!"

काहीच नाही. वारा सुद्धा थांबला.

रामेश्वरी आज पहिल्यांदा हसत नव्हती. ती हळूच म्हणाली, "दीदी, ती ओ देणार नाही. ऐकत असली तरी देणार नाही. शिट्टी काय, गोड हाक काय... तुझा आवाज असा कधी होता का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या जावेला धुक्यात शिट्टी ऐकू येतेय, मग एक बाई गोड गळ्याने 'भुली' म्हणतेय. सात वर्षांत मी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती. तिला वाटणार, आछरीच. ती पदर तोंडावर घेऊन तिथेच बसून राहणार, गोठून जाईपर्यंत. मीही तेच केलं असतं.

मी कंबरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली.

"ए मंगसीरी! बहिरी झालीस का? सातजणं इथे बर्फात कुडकुडतायत आणि महाराणी बसल्या कुठे तरी! तुझी म्हैस माझ्या वाफ्यातली राई खाते तेव्हा बरे कान टवकारतात तुझे! काम ना धाम आणि फाणूत मीठ नाही! माझ्या आईची कळशी चेचलीस ती चेचलीस, वर तोंड फुगवून बसलीस! लाज नाही, शरम नाही! आणि मीठ नाही!"

 मग खालच्या उजव्या अंगाने, फार लांबून नाही, आवाज आला.

"मीठ नाही? मग दोनदा घेऊन ताट पुसून कुणी खाल्लं, तुझ्या सवतीने?"

रामेश्वरी मटकन बर्फात बसली. मी तोंड थांबवलं नाही, थांबवलं असतं तर रडले असते. "भूक लागल्यावर काय, गवतही खाते मी! तू कळशीचं बोल!"

आवाज जवळ येत होता. "कळशीचंच बोलते! मी नाही चेचली तुझी कळशी!"

"मग काय ती आपली आपण चेचली?"

"तुझ्या नवऱ्याने चेचली! वरातीत दारू पिऊन डोक्यावर घेऊन नाचत होते भाऊजी, ढोलावर! आणि आपटले उंबऱ्यावर, कळशीसकट! थोरल्या दिराचं नाव मी कसं घेणार होते, सांग? त्यांनीच गप्प राहा म्हणून हात जोडले! त्यांच्यासाठी सात वर्षं तुझं फुगलेलं थोबाड बघितलं मी, आणि तू पोचा बाहेर करून ती कळशी माझ्या नाकासमोर तीन दिवस नाचवतेस!"

शेवटचं वाक्य पुरं झालं तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती. भुवयांवर बर्फ, नाक लाल, काठी उगारलेली.  मी तिला घट्ट धरलं. तिने काठी टाकली. आम्ही दोघी मोठ्याने रडलो, लाज वाटण्याच्या पलीकडे.

सेमवाल सर सभ्यपणे खाकरले. "ही इकडची बचावाची पद्धत आहे का?"

"हो सर," रामेश्वरी म्हणाली, "फार जुनी आहे."

मंगसीरी म्हणाली, "शिट्टी झाली तेव्हा वाटलं, आल्या. मग भुली-भुली ऐकलं. म्हटलं, ही काही दीदी नव्हे." मग डोळे पुसत म्हणाली, "वाट सापडलीय. उजव्या धारेने. चल."

तिने जाकीट काढलं, सुलटं केलं, लाल बाजू बाहेर करून घातलं आणि पुढे झाली. या वेळी मी तिच्या कंबरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या कंबरेला.

दुपारी दोनला धुकं फाटलं. आम्ही नेमके तालाच्या काठावर होतो. काय लिहू? सहा हिवाळे मी खाली भांडी घासत होते, आणि हा इथे होता. सगळा गोठलेला, मधोमध निळा, त्रिशूलाखाली. इतकं शांत की रामेश्वरीसुद्धा हसली नाही. सेमवाल सरांनी टोपी काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिसला." मी म्हटलं, "तीनदा हो म्हटलं होतं ना." आणि माझी छाती एवढी फुगली की जाकिटाची चेन ताणली गेली.

आम्ही तांदूळ-गुळाचे अरसे वाहिले, बूट काढून काठावर माथा टेकला. कुऱ्हाडीने बर्फ फोडला. कळशी मी धरली, मंगसीरीने भरली. तिने पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दिसायला काही एवढी वाईट नाही." मला तेव्हा ती कळशी नवी होती तेव्हापेक्षा जास्त आवडली.

७ फेब्रुवारी, घरी

काल उतरताना काही लिहिण्यासारखं झालं नाही. आज झालं.

दुपारी बारा वाजता गावाच्या वेशीवर. कळशीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. ठेकेदाराची माणसं होती, शेंगदाणे नव्हते. पाच पाहुणे, पाचही धड. सेमवाल सरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पुढल्या वर्षी शाळेतले आणखी दहाजण येतील, पण नेणाऱ्या ह्याच असतील तरच. ढोल-दमाऊवाले कुणी बोलावले माहीत नाही, पण आले. दरबान सिंहांनी माझ्यापुढे हात जोडले आणि सभेची वाट न बघता म्हणाले, "परवाना तुमचा." बायकांनी एवढा गलका केला की पार सभेच्या दारातलं ते कुत्रं पुन्हा उठून गेलं.

आता पाणी देवळात न्यायचं. मी ती पोचा आलेली कळशी उचलली आणि गर्दीत हे कुठे आहेत ते पाहिलं. मागे उभे होते, फार हसत होते. मी पुढे गेले.

"घ्या," मी म्हटलं. "डोक्यावर घ्या. ढोल वाजतोच आहे. तुम्हाला सवय आहे ना नाचायची."

ह्यांचं हसू तिथल्या तिथे गोठलं. माझ्याकडे पाहिलं, मंगसीरीकडे पाहिलं. मंगसीरीने पदर तोंडात कोंबला होता. खांदे हलत होते. सगळं गाव बघत होतं आणि कुणाला काही कळत नव्हतं, आम्हा तिघांशिवाय आणि रामेश्वरीशिवाय.  मग ह्यांनी आपली टोपी नीट केली, कळशी डोक्यावर घेतली आणि देवळापर्यंत नाचत गेले, पायाखाली बघून, एक एक पाऊल टाकत. उंबरा आला तेव्हा मी आणि मंगसीरी दोघींनी एकदमच ओरडून सांगितलं, "उंबरा!"

एक थेंब सांडला नाही. देवीला पाणी घातलं. ह्यांनी देवीसमोर कान धरले, आणि मग वळून मंगसीरीसमोर धरले. ती लाजून देवळाबाहेर पळाली.

८ फेब्रुवारी

पुढची टोळी वीस तारखेला आहे. वीसजणींनी नावं दिली ओझ्यासाठी, तिघी पुरे होत्या.

सकाळी मंगसीरीकडे जाऊन मीठ मागून आणलं. घरात मीठ होतं.